पट्टी संपली

शनिवार, ६ ऑगस्ट २०२२. संध्याकाळी ५.४०. घोटी.

बाहेर पाऊस. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन बाकं जोडून केलेल्या टेबलावर विभागीय स्पर्धेची स्वयंचलित गाडी उभी आहे. स्पर्धा पुढच्या शनिवारी, नाशिकला. संघात पाच जण, त्यांपैकी तीन मुली. गाडीच्या मधोमध टपालाच्या तिकिटापेक्षा लहान अशी निळी पाटी बसवलेली आहे, एमपीयू-६०५० नावाचा सेन्सर. गाडीला बसणारे हिसके आणि तिचं वळणं तो मोजतो.

नववीतली एक मुलगी गाडी उचलते आणि टेबलावर किंचित आपटते. लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा उसळतो : ३२७६७. ती पुन्हा आपटते, जरा जोरात. पुन्हा ३२७६७.

"सर, पट्टी संपली," ती म्हणते.

तिचं बरोबर होतं. सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीपर्यंतचे हिसके मोजायला लावलेला होता. त्याहून मोठा हिसका बसला की तो शेवटच्या खुणेवर अडकतो. तो बिघडलेला नसतो, फक्त त्या क्षणी त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

"असा आकडा आला तर सेन्सर बिघडला समजून मोटारी बंद करायच्या ना?"

मी हो म्हणालो. गाडी बेफाम सुटून कुणाच्या पायावर जाऊ नये, एवढाच विचार होता. ५.५२ ला ती ओळ प्रोग्रॅममध्ये गेली. सेन्सरची वायर उपटून पाहिली. गाडी जागच्या जागी थांबली. सगळे खूश झाले. धावत्या गाडीला धक्का देऊन मात्र कुणी पाहिलं नाही.

रविवार, ७ ऑगस्ट. पहाटे २.२६. श्रीहरिकोटा.

एसएसएलव्ही-डी१ ची उलटगणती सुरू होते. इस्रोच्या या नव्या, छोट्या रॉकेटचं हे पहिलं उड्डाण. उंची ३४ मीटर, वजन १२० टन. घन इंधनाचे तीन टप्पे आणि सगळ्यात वर, शेवटचा वेग नेमका जुळवून देणारं एक लहान द्रव इंधनाचं इंजिन. कमी माणसांत, थोड्या दिवसांत उभं राहील आणि ५०० किलोपर्यंतचे उपग्रह पृथ्वीजवळच्या कक्षेत नेईल, असं हे रॉकेट. या खेपेला त्यावर इस्रोचा ईओएस-०२ उपग्रह आहे आणि सोबत आठ किलोचा आझादीसॅट.

आझादीसॅटमध्ये ७५ छोटी उपकरणं आहेत, प्रत्येकाचं वजन सुमारे ५० ग्रॅम. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी ती केली, एका शाळेतून दहा मुली. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडियाने ती एकत्र जोडली. हौशी रेडिओवाल्यांसाठी ट्रान्सपाँडर, किरणोत्सार मोजणारं यंत्र, उपग्रहाच्या स्वतःच्याच सौरपट्ट्यांचे फोटो काढणारा कॅमेरा. आयुष्य सहा महिने धरलेलं. ५० ग्रॅम म्हणजे आमच्या गाडीच्या एका मोटारीइतकं वजन. तेवढ्यात आपल्या दहा जणींचं काम बसवायचं म्हणजे डाग देताना कथील किती लागलं याचाही हिशेब आला.

सकाळी ८.५०. घोटी.

पाचही जण हजर. एकीच्या पायाला अजून चिखल आहे. घरची आवणी शेवटच्या वावरात आलेली, तिथून ती थेट आली आहे. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आहे. तिकडे श्रीहरिकोट्यात उपग्रह घडवणाऱ्या मुली उड्डाण पाहायला जमल्या आहेत.

९.१८.

रॉकेट उठतं.

साधारण दोन मिनिटांत पहिला टप्पा संपून गळून पडतो. दुसरा पेटतो. पडद्यावरची रेघ आखलेल्या रेघेवरून चालली आहे.

आणखी काही मिनिटांनी.

दुसरा टप्पा सुटा होतो. रॉकेटचे दोन भाग झटक्याने वेगळे होताना हादरा बसणारच. तो वर, जिथे रॉकेटची ज्ञानेंद्रियं म्हणावीत असे सेन्सर बसवलेत त्या फळीपर्यंत पोचतो. तिथले ॲक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारे सेन्सर, क्षणभर शेवटच्या खुणेवर जातात. त्यांच्यावर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम ते पाहतो आणि त्यांना बाद ठरवतो. कंपन क्षणात ओसरतं. निर्णय मात्र तसाच राहतो. रॉकेट आता बचावाच्या मार्गाने निघालं आहे : मोहीम अर्धवट तुटण्यापेक्षा कशीबशी कक्षा गाठावी, हा त्या मार्गाचा हेतू.

हे सगळं चौकशीनंतर कळलं. त्या वेळी पडद्यावर तिसरा टप्पा पेटला होता आणि आमच्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

९.२८ वाजून ५३ सेकंद.

वरच्या छोट्या इंजिनाने पेट घेऊन वीस सेकंद चालायचं असतं. ते चालत नाही.

९.३० नंतर.

आधी ईओएस-०२, मग आझादीसॅट रॉकेटपासून सुटे होतात. मुलींची ७५ उपकरणं अवकाशात एकटी आहेत आणि त्यांपैकी एकाचाही यात काही दोष नाही. थोड्याच वेळात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ सांगतात की सगळे टप्पे ठरल्याप्रमाणे चालले, शेवटच्या टप्प्यात काही माहिती येत नाहीये, तपासणी सुरू आहे.

चिखलाच्या पायांची मुलगी विचारते, "म्हणजे गेलं का सर?" मी म्हणतो, थांब, बघू.

१०.१५ च्या सुमारास.

ठरलेली कक्षा ३५६ किलोमीटरची, वर्तुळाकार. मिळालेली ३५६ गुणिले ७६. म्हणजे एका टोकाला उपग्रह जमिनीपासून ७६ किलोमीटरवर येणार, आणि तिथे हवा आहे. अशा कक्षेत अर्धी फेरी पाऊण तासात पुरी होते. आम्ही अजून मोबाइलसमोर होतो.

दुपारी.

इस्रोचा संदेश येतो. उपग्रह आता कामाचे नाहीत. सेन्सरमधला बिघाड ओळखून बचावाचा निर्णय घेणाऱ्या तर्कातली चूक हे कारण.

सोमवार, ८ ऑगस्ट. सकाळी १०.३०. घोटी.

श्रावणी सोमवार, शाळा अर्धी. मी फळ्यावर रॉकेट काढतो, दोन कक्षा काढतो, इस्रोचं वाक्य मराठीत लिहितो. मुलं ते वहीत उतरवतात. नववीतली मुलगी 'तर्क' या शब्दाखाली दोन रेघा मारते. गाडी माझ्या पाठीमागच्या फडताळात, हात पुरेल एवढ्या अंतरावर आहे.

पुढे इस्रोने दुसऱ्या टप्प्याची जोडणी बदलली, नवी सुटी होताना कमी हादरे देणारी. पहाऱ्याच्या प्रोग्रॅमला सेन्सर बाद ठरवण्याआधी जास्त वेळ पाहायला शिकवलं. १० फेब्रुवारी २०२३ ला, पुन्हा ९.१८ लाच, एसएसएलव्ही-डी२ उडालं आणि आझादीसॅट-२ ४५० किलोमीटरच्या कक्षेत पोचला. मुलींना दुसरी संधी मिळाली याचा मला त्या दिवशी स्वतःच्या घरातल्यासारखा आनंद झाला.

पण सोमवारी फळ्यासमोर उभं असताना मला जे दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही.

शनिवार, १३ ऑगस्ट. सकाळी ६.१५.

घोटीहून नाशिकची एसटी. गाडी खोक्यात, खोकं मांडीवर. महामार्गावर पाऊस.

९.१०. तपासणी. वजन, लांबी, रुंदी, बॅटरी. सगळं ठीक.

११.३५. मैदानाची कड नव्याने बसवली आहे, दोन फळ्यांच्या सांध्याला बोटभर उंचवटा. एक मुलगा तो दाखवतो. मी म्हणतो, चाकं मोठी आहेत, जाईल.

११.४२. स्वयंचलित टप्पा, ३० सेकंद. कुणी हात लावायचा नाही.

नवव्या सेकंदाला पुढचं चाक उंचवट्यावर चढतं आणि खाली आदळतं. गाडी थांबते.

पाचही जण रेषेच्या अलीकडे उभे. घड्याळात २१ सेकंद आहेत. मोटारी चांगल्या आहेत, बॅटरी भरलेली आहे, सेन्सर धडधाकट आहे.

११.५०. मैदानाबाहेर नववीतली मुलगी लॅपटॉप जोडते आणि नोंदी खालपर्यंत सरकवते. शेवटची ओळ ३२७६७. तिच्याखाली काही नाही.

"सर," ती म्हणते, "पट्टी संपली होती."