मुंबई ते लंडन : अंतर आणि काळ

जालना जिल्ह्यांतील अंकुशनगर या साखर कारखान्याच्या गांवाहून एखादा विद्यार्थी आज लंडनला निघाला, तर मोटारीनें मुंबई गांठण्यांत त्याची एक रात्र जाते. पुढचें सुमारें ७२०० किलोमीटरांचें अंतर विमान दहा तासांच्या आंतबाहेर तोडतें. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणला, तर भरतें तें अंतर पूर्वीहि इतकेंच होतें. पालटला तो काळ. आणि तो पालटण्यास विमानाच्या वेगाइतकेंच वाटेंतील मुक्काम गळत जाणेंहि कारण झालें.

३० मार्च १९२९ रोजीं इंपीरिअल एअरवेज कंपनीनें लंडन ते कराची अशी हवाई वाहतूक सुरू केली. त्या वाटेस सात दिवस लागत. मध्यें कांहीं पल्ला आगगाडीनें, तर भूमध्य समुद्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें ओलांडावा लागे. शिवाय कराचीस आलेलें पत्र मुंबईकराच्या हातीं पडण्यास पुन्हां आगगाडीची वाट पाहावी लागे.

ही उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं भरून निघाली. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या लहानशा ‘पुस मॉथ’ विमानांत टपालाच्या थैल्या घेऊन सकाळीं कराचीहून निघाले, इंधनासाठीं अहमदाबादेस उतरले आणि दुपारीं जुहूच्या मैदानावर पोंचले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तेंच टपाल पुढें मद्रासेस नेलें.

त्यानंतर सोळा वर्षांच्या आंत, ८ जून १९४८ रोजीं, एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनकडे निघालें. कैरो आणि जिनीव्हा हे दोनच मुक्काम. तिसऱ्या दिवशीं लंडन! परंतु ३ नोव्हेंबर १९५० रोजीं हेंच विमान आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर आदळलें आणि त्यांतील अठ्ठेचाळीसहि जण मृत्यु पावले. या वाटेचा इतिहास सांगतांना त्यांचें स्मरण टाळतां येत नाहीं.

१९६० सालीं एअर इंडियाचीं जेट विमानें या मार्गावर आलीं आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला. पुढें मधले मुक्कामहि सुटले. आतां घड्याळाचीच गंमत उरली आहे. लंडनचें घड्याळ आपल्या मागें उन्हाळ्यांत साडेचार, हिवाळ्यांत साडेपांच तास चालतें. म्हणून उन्हाळ्यांत मुंबईहून सकाळीं सातला निघून दहा तास उडालेला उतारू तेथील घड्याळानें दुपारीं साडेबारालाच उतरतो. परततांना तें उसनें घेतलेले तास फेडावे लागतात; मात्र पश्चिमेकडून वाहणारे उंचावरील वारे पाठीशीं असल्यानें उड्डाणाचा थोडा वेळ वांचतो.

विमानतळ ते विमानतळ हें अंतर आकाशांत मोजलें जातें. प्रवाशाचें अंतर मात्र घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतें. अंकुशनगरच्या विद्यार्थ्यास मुंबई गांठण्यास लागणारी ती एक रात्र म्हणूनच या प्रवासांत धरलीच पाहिजे. गेल्या शतकानें आकाशांतील मुक्काम काढून टाकले. जमिनीवरील शेवटचा पल्ला तसाच कमी करणें हें काम अद्याप पुरें व्हावयाचें आहे.