मेहताजीची गादी आणि सरकारी डिप्लोमा

तेरजेत, म्हणजे जमा-नावेच्या गोषवाऱ्यात, नव्वद रुपयांचा फरक आला म्हणून पेढीच्या गादीवरचा मुरलेला मेहताजी घाबरत नसे. फरकाला नऊने भाग जातो आहे, म्हणजे बहुधा कुठे तरी ४५० चे ५४० झालेत, आकडे उलटे पडलेत, हे तो ताडायचा. तसे न सापडल्यास फरकाची निमपट करायचा आणि ती रक्कम पानोपानी शोधायचा. जमेची नोंद नावेकडे चढली असेल तर फरक दुप्पट पडतो. अशा युक्त्या शेजारी बसूनच उचलायच्या. हिशेबाचे शिक्षण कित्येक पिढ्या असेच झाले.

शब्दांची तर आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही सगळी भाषा मोडी दफ्तरांतली. पेशवाईत हिशेबाचा फड ज्याच्या हाती तो फडणीस, आणि तो हुद्दाच पुढे आडनाव होऊन बसला. मुलगा आधी पावकी-निमकी घोकायचा, मग अक्षर वळवायचा, मग कधी तरी वहीला हात लावायचा. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. ‘हा तयार झाला’ हा वडीलधाऱ्यांचा शब्द पुरे. पद्धत झकास, पण ठरावीक घरांपुरतीच. ज्याला गादीशेजारी कोणी बसवून घेणार नाही, त्याने हिशेब शिकायचा कुठे?

मुंबईत याला पहिले उत्तर खासगी वर्गांनी दिले. बॅरिस्टर सोहराब दावर यांनी १९०० मध्ये व्यापारी शिक्षणाचे कॉलेज काढले. सरकारला जाग आली ती कायद्यामुळे. कंपन्यांचे हिशेब कोण तपासणार, त्याची लायकी काय, हे तोवर कायद्याने ठरवलेले नव्हते. १९१३ च्या कंपनी कायद्याने ते ठरवले आणि सरकारी प्रमाणपत्राशिवाय ऑडिटरची वाट बंद झाली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज उघडले. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू केला. लोकांच्या तोंडी तो जी.डी.ए. झाला.

यात एक गंमत आहे. नुसता पेपर देऊन भागत नसे. मान्यताप्राप्त हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी लागे. म्हणजे मेहताजीची गादी गेली, टेबल-खुर्ची आली, पण शेजारी बसणे काही सुटले नाही. ते दोन्ही झाले की देशभर ऑडिट करण्याची मोकळीक मिळे.

परीक्षा आली तशा शिकवण्या आल्या. जे. आर. बाटलीबॉय यांची हिशेबशास्त्रावरची जाडजूड पुस्तके विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी झिजवली. त्यांच्या नावाच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायला १९२५ च्या जूनपासून एक तरुण बॅरिस्टर येत असे. वकिली अजून नीट बसलेली नव्हती, घर चालवायचे होते. हे बॅरिस्टर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ च्या मार्चपर्यंत त्यांनी तिथे शिकवले, आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ च्या मार्चमधला! करार, हुंडी, भागीदारी यांची कलमे समजून घेणाऱ्या मुलांसमोर कोण उभे होते, हे आज वाचताना थबकायला होते.

मद्रासच्या आर. शिवभोगम स्वातंत्र्यलढ्यात वर्षभर तुरुंगात होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी हा डिप्लोमा घेतला आणि १९३३ मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला हिशेबनीस ठरल्या. तुरुंगवास भोगलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियम आडवा आला, तेव्हा त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या.

जी.डी.ए. १९४३ मध्ये बंद झाला. १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंट आले आणि मुंबईचे जी. पी. कापडिया त्यांच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. शिडीचे वरचे टोक पक्के झाले, पण खालच्या पायऱ्यांचे काय? ब्रिटनमध्ये या पायरीवरच्या लोकांसाठी १९८० मध्ये ‘एएटी’ ही अकाउंटिंग टेक्निशियनांची संस्था निघाली.

महाराष्ट्राची गरज निराळी होती. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या आणि त्यांचे हिशेब दरवर्षी तपासणे ही निबंधकाची जबाबदारी झाली. पुढे सोसायट्या, दूध संघ, पतपेढ्या, साखर कारखाने वाढत गेले. आज राज्यात दोन लाखांहून अधिक सहकारी संस्था आहेत. एवढे दप्तर तपासायचे तर माणसे लागणार. त्यासाठी सहकार खात्याची परीक्षा आहे ‘जी.डी.सी. अँड ए.’ जुन्याच अक्षरांत सहकाराचा ‘सी’ घुसला आहे. थेट वारसा सांगायला नको, पण नावाचे साम्य डोळ्यांत भरते. सहा पेपर, प्रत्येकी शंभर गुण. हिशेब आणि लेखापरीक्षणाबरोबर सहकाराचा इतिहास आणि कायदेही.

आणि हे सगळे मराठीतून लिहिता येते. जी.डी.ए.च्या काळात पोराला लेजर-जर्नल पाठ करावे लागे. आता खतावणी आणि तेरीज पुन्हा उत्तरपत्रिकेत येतात, तेही साताऱ्या-लातूरच्या मुलामुलींच्या हातून. संसार सांभाळून, चाळिशीनंतर बसणारेही असतात. २०१३ मध्ये कायदा बदलला आणि संस्थांना सरकारी नामिकेतून (पॅनेलमधून) स्वतःचा लेखापरीक्षक निवडता येऊ लागला. पात्रता आणि अनुभवाच्या अटी पुऱ्या करून ही परीक्षा पास झालेली माणसे त्या नामिकेवर येतात.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा चहा-वेफर्सच्या आधी लेखापरीक्षण अहवालाचे शेवटचे पान उघडा आणि सहीखालची अक्षरे वाचा.