हत्याराचं हत्यार

माणसाची कामं अडतात ती आळसामुळे, असं आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं ठाम मत होतं. माझं मत जरा निराळं आहे. कामं अडतात ती हत्यारांमुळे. साधं भिंतीवर कॅलेंडर लावायचं घ्या. त्याला खिळा लागतो. खिळा सापडतो, पण मग हातोडी लागते. हातोडी सापडते, पण तिचा दांडा डगडगत असतो, म्हणजे पाचर हवी. पाचर तासायला चाकू हवा. चाकूला धार नसते, आणि धारवाला नेमका आपण कामावर गेल्यावरच गल्लीतून ओरडत जातो. या गडबडीत मार्च उजाडतो आणि कॅलेंडरची दोन पानं न फाडताच इतिहासजमा होतात. ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ असं तानाजी म्हणाला तेव्हा रायबाच्या लग्नापुढे एकच कोंडाणा होता. आमच्या कॅलेंडरापुढे पाच असतात.

ही व्यथा फक्त खिळे-हातोडीवाल्यांची आहे, अशी माझी समजूत होती. पण मध्यंतरी आमचा भाचा घरी आला आणि त्याने माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चढवायला घेतला. म्हणाला, ‘‘मामा, हा तयार मिळत नाही. सोर्स आणून घरीच बांधून घ्यावा लागतो.’’ सोर्स म्हणजे पाककृती आणि तयार प्रोग्राम म्हणजे शिजलेला पदार्थ, एवढं मला समजलं. त्याने ‘मेक’ असा हुकूम सोडला. यंत्राने उत्तर दिलं की, मेक नावाचं कोणी इथे राहत नाही. मग त्याने मेकला बोलावून आणलं, तर मेकने विचारलं, कंपायलर कुठाय? कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला कळतील अशा करून देणारा दुभाषा. मी म्हटलं, ‘‘मग तोही सोर्समधून बांध की.’’ तो म्हणाला, ‘‘बांधता येईल. पण कंपायलर बांधायला आधी कंपायलर लागतो.’’

हे ऐकून मला त्या यंत्राविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. भाच्याने ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाची अख्खी हत्यारपेटी एका ओळीत मागवली, दहा मिनिटांत काम उरकलं आणि तो भडंग खायला मोकळा झाला. मी मात्र विचारात पडलो. कंपायलरला कंपायलर लागतो, तर पहिला कंपायलर कुणी बांधला? चौकशीअंती कळलं की, अमेरिकेत ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी १९५२ साली त्या जातीचा एक प्रोग्राम केला होता. त्यांना आयता दुभाषा नव्हता, म्हणून त्यांनी यंत्राच्याच भाषेत सगळं हाताने मांडलं. ‘मेक’ हे हत्यार १९७६ साली बेल लॅबमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी केलं. त्यात एक खोड राहिली आहे. हुकुमाच्या ओळीआधी टॅबच द्यावा लागतो, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. खोड ध्यानात आली तोवर ते हत्यार वापरणारी डझनभर मंडळी झाली होती, आणि त्यांना त्रास नको म्हणून फेल्डमन यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभर स्नेह्यांच्या भिडेपोटी आज जगभरचे लोक टॅब दाबत बसले आहेत. भीड ही फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

पण हत्यारावाचून अडण्यात आम्ही सातारा-सांगलीकर अमेरिकेच्या बरेच पुढे आहोत. आमच्याकडे हा प्रकार निदान १८०५ सालापासून चालू आहे.

त्याचं असं झालं. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या संगतीने नाना फडणविसांच्या मनात आलं की, भगवद्गीता छापून काढावी. पोथ्या लिहून घ्यायच्या म्हणजे लेखनिक आले, त्यांची दक्षिणा आली, चुका आल्या. छापली की शंभर प्रती एकसारख्या. कल्पना झकास होती. फक्त नागरी अक्षरांचे खिळे पुण्यात नव्हते. (छापखान्यातल्या अक्षरालाही खिळाच म्हणतात, हे लक्षात घ्या. आमच्या कॅलेंडरचा आणि गीतेचा अडसर एकच.) तेव्हा एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवलं. ताम्रपटावरून छापायचं तर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. मग कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि कागद दाबायचा. गीतेचे सातशे श्लोक! सुलटे पाठ करताना आमच्यासारख्यांची दुसऱ्या अध्यायातच दमछाक होते. त्या माणसाने ते उलटे कोरायला घेतले.

काम पुरं व्हायच्या आत १८०० साली नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाला असल्या गोष्टीत गोडी नव्हती. तांबट आपली कला घेऊन मिरजेला आला. तिथे गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. मराठी मुलखात मराठी माणसाने करवून घेतलेलं हे छपाईचं पहिलंवहिलं काम. आमच्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

आता याच १८०५ साली तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला काय चाललं होतं, ते पाहू. तिथे विल्यम केरी या मिशनऱ्याने मराठी भाषेचं व्याकरण छापलं. तेही नागरी अक्षरांत. मराठी व्याकरण बंगालात छापलं गेलं, कारण तिथे पंचानन कर्मकार नावाचा लोहार घराण्यातला कारागीर होऊन गेला होता. तो आणि त्याचा जावई मनोहर पोलादाचे ठसे कोरत. ठशावरून साचा, साच्यातून शिशाची सुटी अक्षरं. एक पान छापून झालं की अक्षरं सोडवायची आणि पुढच्या पानाला जुळवायची. आज व्याकरण छापलं, उद्या बायबल, परवा कोश.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्या शास्त्रात खर्चाचे दोन प्रकार असतात: महसुली आणि भांडवली. जेवणावर केलेला खर्च महसुली, चुलीवर केलेला भांडवली. या हिशेबाने पाहिलं तर मिरजेचे ताम्रपट आणि श्रीरामपूरचे खिळे यांत केवढं अंतर आहे! मिरजेच्या पत्र्यांवरून गीता निघेल, पुन्हा गीता निघेल, हजार वेळा गीताच निघेल. ज्ञानेश्वरी हवी असेल तर पुन्हा पहिल्या पत्र्यापासून सुरुवात. तांबटाने ग्रंथ बांधला. कर्मकाराने ग्रंथ बांधायचं हत्यार बांधलं. कष्ट कुणाचे जास्त, असं विचाराल तर मी तांबटाच्या बाजूने मत देईन. पण पुढची पंचवीस वर्षं पुस्तकं कुणाकडे निघाली, हे ज्याचं त्याने पाहावं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं ते १८३१ साली.

याच मिरजेत याच्या अगदी उलटा प्रकारही घडला. तिथे शिकलगार होते. तलवारी, भाले घासूनपुसून धार लावून देणारे. इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणजे भाच्याचा प्रश्न उलटा झाला: हत्यारं सगळी जागेवर आहेत, पण बांधायचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी आपलं कसब तंतुवाद्यांकडे वळवलं. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, लाकूड तासायचं, तारा ओढायच्या आणि ज्या कानाने पात्याचा खणखणाट पारखला त्याच कानाने जवारी लावायची. त्या घराण्यांची वाद्यं पुढे देशभर गेली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीला धार लावणाऱ्यांच्या वंशजांनी सुराला धार लावली. हत्यार आणि हात शाबूत असले की, माणूस उपाशी मरत नाही, हा यातला भाग बँकेतल्या माणसाने लिहून ठेवण्यासारखा आहे.

आता किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. तिथे लक्षात आलं की, काही रंग त्यांना ओळखूच येत नाहीत. म्हणजे देवाने डोळ्यात द्यायचं हत्यारच कमी दिलं होतं. दुसरा कोणी असता तर घरी परतून नशिबाला बोल लावत बसला असता. लक्ष्मणराव यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. तिथे काळ्या-पांढऱ्यावर भागतं. पुढे बेळगावात सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. आणि बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. राजेसाहेब स्वतः चित्रकार. एका चित्रकाराने दुसऱ्या होता होता राहिलेल्या चित्रकाराला दिलेला हा हात आहे.

स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असलं की, सुज्ञ प्रवाशाने समजावं: गाव इथे नाही, पुढे रस्ता आहे. कुंडल रोडला तर गावच काय, काहीच नव्हतं. फड्या निवडुंग आणि त्यात साप. १० मार्च १९१० रोजी तिथे मुहूर्त झाला. आता कोंडाणे मोजा. नांगर करायचा तर कारखाना हवा. कारखान्याला कामगार हवेत. कामगारांना घरं हवीत. घरांना पाणी, दुकान, शाळा, दवाखाना हवा. आणि या सगळ्याच्या आधी निवडुंग तोडायला कोयता हवा. लक्ष्मणरावांनी यंत्रं सांभाळली, थोरले बंधू रामूअण्णांनी गाव वसवलं, शंभोराव जांभेकरांनी व्यवस्था पाहिली. कॅलेंडर लावायला मी जिथे थांबतो, तिथून या मंडळींनी सुरुवात केली.

नांगर तयार झाल्यावर तरी काम संपावं? छे! शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते. या म्हणण्याला आपण आज हसतो, पण मला त्यात पाणी दिसतं. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार होता. फाळ झिजला तर लोहार होता. दोघे बलुतेदार, वर्षाच्या धान्यावर बांधलेले. ओतीव लोखंडाची गोष्ट वेगळी. ते तापवून ठोकायला जावं तर तडकतं. म्हणजे लोखंडी नांगर घेणं म्हणजे गावच्या हत्यारपेटीबाहेरची वस्तू घेणं. ऐन पेरणीत मोडला तर काय करायचं? जमीन नासण्याची भीती ही बोलून दाखवायची होती. खरी भीती दुरुस्तीची असणार, असा माझा कयास आहे. सुटे भाग मिळतात अशी खात्री पटत गेली तसा नांगर खपत गेला.

साताऱ्याकडेही हीच कथा निराळ्या पात्रांनी घडली. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारा रोडला कारखाना काढला. (पुन्हा ‘रोड’! हे स्टेशन साताऱ्यात नाही, कोरेगाव तालुक्यात पाडळीला आहे.) तिथेही आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. नांगर ते पंतप्रधानपद या वाटेवर हत्यारं कुठली लागतात, ते मात्र मला कोणी सांगितलेलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती घटना फारशी कुणाच्या तोंडी नसते. १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहरला लेथ बनवायचा कारखाना काढला. नांगर जमीन नांगरतो, पंप पाणी उपसतो, लेथ मात्र यंत्रांचे भाग घडवतो, आणि त्यात दुसऱ्या लेथचेही भाग आले. हाच तो भाच्याचा कंपायलर बांधणारा कंपायलर. महायुद्धाच्या दिवसांत, विलायतेहून यंत्रं येणं दुरापास्त झालं असताना, ही गरज ओळखणं म्हणजे तांबटाच्या वाटेवरून कर्मकाराच्या वाटेवर येणं. त्याला मिरजेच्या गीतेपासून एकशे छत्तीस वर्षं लागली.

आमच्या जमाखर्चात हत्याराला एक विचित्र वागणूक मिळते. वर्षावर्षाला त्याचा घसारा काढतात. किंमत उतरत उतरत शेवटी वहीत एक रुपया उरतो. वस्तू विकली की नफा वहीत वर दिसतो. ती बनवणारं हत्यार खाली रुपयावर पडून असतं, आणि ते चालवणाऱ्या हाताला तर वहीत रकानाच नाही. तांबट पुण्याहून मिरजेला आला तेव्हा नानांच्या दप्तरातून एक रुपयाही कमी झाला नसेल. गेलं ते सगळं त्याच्या बोटांत गेलं. कारखाना बंद पडला की, यंत्रं भंगारात जातात आणि कारागीर घरी जातो; यंत्रांचा लिलाव तरी होतो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, गॅरेजमधले पाने, आणि हल्ली बँकेतले कॉम्प्युटरसुद्धा झेंडूचं फूल अंगावर घेऊन एक दिवस देवासारखे बसतात. पद्धत चांगली आहे, ती चालू राहावी. फक्त पाटावर थोडी जागा आणखी ठेवावी. विळा ज्या ऐरणीवर घडला ती ऐरण, पाने ज्या लेथवर झाले तो लेथ, आणि तो लेथ ज्याने पहिल्यांदा जुळवला तो माणूस, यांच्याही नावाने एकेक फूल वाहावं. झेंडू त्या दिवसांत थोडा महाग असतो खरा, पण हा खर्च मी भांडवली धरायला तयार आहे.