झाड काय खातें?



शाळामास्तराच्या हातून आयुष्यांत पुष्कळ चुका होतात. पण त्यांतली एखादीच जन्मभर सलत राहते. वर्गांत मीं एकदां सांगितलें कीं, झाड माती खाऊन वाढतें. शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, मग आमच्या कुंडींतली माती संपत कां नाहीं?” मला उत्तर ठाऊक नव्हतें; म्हणून ‘वाचाळपणा पुरे’ असें दटावून मीं त्याला खालीं बसविलें. त्याचाच प्रश्न एका मोठ्या वैद्याला तीनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं पडला होता, हें मला निवृत्तीनंतरच्या वाचनांत आढळलें. त्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सतराव्या शतकांत ब्रुसेल्सच्या प्रदेशांत व्हान हेलमाँट नांवाचा वैद्य होऊन गेला. त्यानें एका मोठ्या कुंडींत वाळवून तोललेली २०० रत्तल माती भरली, तींत वाळुंजाच्या जातीचें ५ रत्तलांचें रोप लाविलें आणि पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. पुढें झाडाचें वजन भरलें १६९ रत्तलांहून थोडें अधिक. मातींत तूट आली ती अवघी दोन औंसांच्या आसपास! यावरून, झाड पाण्याचेंच बनतें, असा निष्कर्ष त्यानें काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ सालीं, हा प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. तराजू खरा होता, पण झाडाभोंवतीं अष्टौप्रहर असणारी हवा त्या वैद्याच्या हिशेबांत आली नाहीं.

ती आली १७७१ सालीं. इंग्लंडांत लीड्स येथें जोसेफ प्रीस्टले यानें मेणबत्ती विझून निकामी झालेल्या बंद हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां सुरेख जळूं लागली. परंतु हा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. त्याचें मर्म यान इन्गेनहौस या डच राजवैद्यास उमगलें. १७७९ च्या उन्हाळ्यांत लंडनजवळ पांचशेंहून अधिक प्रयोग करून त्यानें दाखविलें कीं, हवा शुद्ध करण्याचें काम वनस्पतींचे हिरवे भागच करतात, आणि तेंहि प्रकाश असेल तरच. पुढें जिनीव्हाच्या सेनेबिएनें १७८२ त दाखविलें कीं, या कामीं कर्बाम्लवायु, म्हणजे आपल्या निःश्वासांतून बाहेर पडणारा वायु, अवश्य लागतो. त्याच गांवच्या द सोस्यूरनें १८०४ मध्यें वजनें घेऊन सिद्ध केलें कीं, झाडाच्या शरीरांत पाणीहि मिसळून जातें. मातींतले क्षार वजनानें थोडे, पण त्यांवांचून चालत नाहीं. शेवटीं १८४५ त रोबर्ट मायर या जर्मन डॉक्टरानें सांगितलें कीं, वनस्पति सूर्याची शक्ति पकडून तिचा सांठा करतात.

म्हणजे हवा आणि पाणी हा झाडाचा शिधा, आणि ऊन हा त्याच्या चुलींतला विस्तव!

येथवर झाली एका झाडाची गोष्ट. सबंध शेताचा जमाखर्च अमेरिकेंत ट्रान्सो यांनीं १९२६ सालीं मांडला. मक्याच्या एक एकर पिकानें आपल्या हंगामांत, पडलेल्या उन्हापैकीं सुमारें १.६ टक्केच शक्ति उपयोगांत आणली, असें त्यांस आढळलें. १९३५ त इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ली यांनीं जीव आणि त्यांचा सारा परिसर मिळून होणाऱ्या एका व्यवस्थेस नांव दिलें. तिलाच आज आपण परिसंस्था म्हणतों.

अशा एका परिसंस्थेचा, मिनेसोटांतील सीडर बॉग या लहानशा तळ्याचा, हिशेब रेमंड लिंडमन या प्रकृतीनें नाजुक तरुणानें केला. त्याला दिसलें तें असें: तळ्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकीं सुमारें हजारावा भागच हिरव्या वनस्पतींच्या अंगीं लागतो, त्या वनस्पतींतली सुमारें १३ टक्के शक्ति त्या खाणाऱ्या जीवांकडे जाते, आणि त्यांच्यांतील सुमारें २२ टक्के त्यांना खाणाऱ्यांकडे. उरलेली बहुतेक श्वासोच्छ्वासांत उष्णता होऊन विरते किंवा न खाल्ली जातां कुजून जाते. निबंध परीक्षकांनीं प्रथम नाकारला; गुरु हचिन्सन यांनीं रदबदली केल्यावर तो स्वीकारला गेला. १९४२ त तो छापून आला, तेव्हां लिंडमन या जगांत नव्हता. तिशीहि न गांठतां तो गेला होता.

या आंकड्यांचा अर्थ आपल्या ताटाशीं येऊन भिडतो. भाकरी हें ज्वारीनें सांठविलेलें ऊनच. दूध व्हावयाचें तर तेंच ऊन कडब्यांतून म्हशीच्या पोटांत जावें लागतें, आणि या वाटेवर त्याचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. हिरवें पान ही या प्रपंचांतली एकच मिळवती असामी. बाकी आपण सारे खाणारे. मिळवत्याचा हात तोडून घर कितीसें चालणार?

तो मुलगा आज कोठें असेल, मला माहीत नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता, चूक गुरुजींची होती.