सिव्हिल, म्युनिसिपालटी, पोलीस, बस: बीडमधल्या रोजच्या शब्दांचा जन्म कुठला?

बीडमध्ये कुणी आजारी पडलं की ‘सिव्हिल’ला नेतात, नळाला पाणी आलं नाही की ‘म्युनिसिपालटी’त जातात, भांडण झालं की ‘पोलीस’ बोलावतात. हे शब्द इंग्रजीतून मराठीत आले, पण त्यांचं मूळ त्याहून जुनं आहे.

सिव्हिल आणि सिटी
लॅटिनमध्ये ‘सिव्हिस’ म्हणजे नागरिक आणि ‘सिव्हितास’ म्हणजे नागरिकांचा समुदाय. याच ‘सिव्हितास’पासून फ्रेंचमार्गे ‘सिटी’ शब्द तयार झाला. म्हणजे सिटीच्या मुळाशी इमारती नाहीत, माणसं आहेत. घरं-रस्त्यांच्या शहराला रोमन लोक ‘उर्ब्स’ म्हणत. अर्बन बँकेतला ‘अर्बन’ तिथलाच. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजच्या इंग्रजी नावात ‘रुरल’ आहे, तो ‘रुस’ म्हणजे ग्रामीण भाग या लॅटिन शब्दावरून.

पोलीस
ग्रीकमध्ये ‘पोलिस’ म्हणजे चक्क शहर. त्यावरून ‘पोलितेइया’ म्हणजे राज्यकारभार. हा शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. खाकी वर्दीचा अर्थ त्याला बराच नंतर चिकटला. गंमत म्हणजे कोल्हापूर, नागपूरमधलं संस्कृत ‘पुर’ आणि ग्रीक ‘पोलिस’ एकाच मुळातून आले असावेत, असं भाषातज्ज्ञ मानतात.

बस
लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सार्वजनिक घोडागाडीला हे नाव पडलं. पुढे इंग्रजीत ते कापून फक्त शेपूट उरलं: ‘बस’! म्हणजे हा मूळचा शब्दच नाही, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘गुरुभ्यो नमः’मधला ‘भ्यः’ हा त्याचाच संस्कृत भाऊबंद. बीड आगारातून सुटणारी लालपरी तो अर्थ आजही पाळते.

म्युनिसिपालटी
सगळ्यात वजनदार शब्द हाच. ‘मुनुस’ म्हणजे कर्तव्य, ‘कापेरे’ म्हणजे घेणं. या दोहोंतून ‘म्युनिसिपियम’ बनला, म्हणजे रोमच्या सत्तेखालचं, पण स्थानिक कारभार स्वतः पाहणारं गाव. महाराष्ट्रात बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या नगरपरिषदा 1965च्या कायद्यानुसार चालतात. पाणी, कचरा, दिवाबत्ती ही त्यांची कामं त्या कायद्यातच नेमून दिलेली आहेत.

त्यामुळे पाण्यासाठी म्युनिसिपालटीत गेलेला माणूस काही उपकार मागत नसतो. जबाबदारी तर त्या कचेरीच्या नावातच लिहिलेली आहे.