घर पाडले, पत्ता उरला

जुना वाडा पाडायची वेळ आली की आपल्या नागपुरात एक वाद हमखास होतो. भिंती राखायच्या की नुसती आठवण? आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे, ते महालात नाही, सीताबर्डीवरही नाही. ते होते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरात. पण त्याचा एक धागा थेट विदर्भात येतो.

१९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हिंदी मजूर, शेतकरी आणि विद्यार्थी एकत्र आले. अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिल स्ट्रीटवर त्यांनी जागा घेतली आणि तिचे नाव ठेवले 'युगांतर आश्रम'. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' या पत्राचा पहिला अंक उर्दूत निघाला. पाठोपाठ गुरुमुखी आवृत्ती आली. पत्राचे नावच पुढे पक्षाला चिकटले.

या मंडळींत आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. ते तिकडे शेतीशास्त्र शिकत होते आणि लष्करी शिक्षणही घेत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे गेले होते इंजिनिअरिंग शिकायला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात करतारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर त्यांना फाशी झाली. सराभा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शिकायला गेलेली ही मुले परत आली ती अशी.

पुढे पक्षाचे बिऱ्हाड ५, वुड स्ट्रीट या पत्त्यावर हलले. स्वातंत्र्यानंतर ती जागा भारत सरकारकडे आली. जुनी इमारत मात्र पाडण्यात आली आणि १९७५ मध्ये तिथे नवे गदर स्मारक उभे राहिले. शताब्दीच्या वर्षी, जानेवारी २०१३ मध्ये, पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी तिथे संग्रहालय आणि ग्रंथालय उभारण्याची घोषणा केली. म्हणजे जागा राखली, पण घर गेले.

गेलेले घर पुन्हा उभे करता येत नाही असे नाही. 'फाय बीटा काप्पा' या अमेरिकन विद्यार्थी-मंडळाची स्थापना १७७६ मध्ये विल्यम्सबर्गच्या रॅले टॅव्हर्नमध्ये झाल्याचे मानतात. ती इमारत १८५९ मध्ये जळाली. तरी पाया खणून आणि जुनी रेखाचित्रे तपासून १९३२ पर्यंत ती पुन्हा उभी केली गेली. कशामुळे जमले? कुणीतरी कागद जपून ठेवले होते म्हणून.

मला सांगायचे आहे ते एवढेच. घराच्या डागडुजीला चुना-विटा नंतर लागतात. आधी लागतो पुरावा. खानखोजे पुढे इराणमार्गे युरोपात आणि तिथून मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मक्यावर संशोधन केले. उतारवयात ते नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी इथेच वारले. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून तो माणूस आपल्याला आज भेटतो. अशी पुस्तके उभी राहतात ती घराघरांत उरलेल्या पत्रांवर, फोटोंवर आणि आठवणींवर.

तेव्हा माळ्यावरची आजोबांची ट्रंक रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून बघा. पत्रावर तारीख असेल, पाकिटावर पत्ता असेल. उद्या एखादे घर त्या पत्त्यावरूनच पुन्हा उभे राहील.