ऐकणाऱ्याला कोण ऐकतं?

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलं आहे. माझं गाव दुसरबीड, तालुका सिंदखेड राजा. म्हणजे आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांचाही यात नंबर लागतो.

नेमणुका होतील. बरेचसे नेमलेले नुकतेच एम.ए. झालेले, पंचविशीतले असतील. दार बंद करून एखादं रडणारं पोरगं समोर बसलं, की ते नेमकं काय बोलतात, हे कोण पाहणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन पोराचा कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. पण कोड निदान स्क्रीनवर राहतो. बोलणं हवेत विरून जातं. मग त्यातली चूक सापडायची कशी? लोक शंभर वर्षांपासून याच्याशी झगडताहेत.

१९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचा दवाखाना सुरू झाला. माक्स आयटिंगॉन हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथे शिस्त अशी बसली, की शिकाऊ माणसाने रुग्ण पाहायचा आणि काय घडलं ते ज्येष्ठाला जाऊन सांगायचं. ही पद्धत जगभर पसरली. तिच्यात एक मोठी फट होती. शिकाऊ जेवढं सांगेल, तेवढंच ज्येष्ठाला कळणार. आपण कुठे चुकलो हे ज्याला कळलंच नाही, तो ते सांगणार कसं?

ही फट १९४०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने बुजवायला घेतली. त्याने समुपदेशनाची सत्रं तबकड्यांवर रेकॉर्ड केली. एका तबकडीवर काही मिनिटंच मावायची, त्यामुळे सारख्या तबकड्या बदलाव्या लागत. १९४२च्या पुस्तकात त्याने एका माणसाबरोबरच्या आठही सत्रांचा शब्दन् शब्द छापला. आपण समोरच्याला मोकळं बोलू देतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत होती. तबकडीवर वेगळंच ऐकू आलं. ते मध्येच सल्ला देत होते, बोलणं हवं तिकडे वळवत होते. बर्नार्ड कोव्हनर या त्याच्या विद्यार्थ्याने समुपदेशकांचे लेखी अहवाल रेकॉर्डिंगशी ताडून पाहिले. लिहिलेलं बरचसं बरोबर होतं, पण सत्रातला मोठा भाग अहवालात आलाच नव्हता. १९४५मध्ये रॉजर्सने शिकागो विद्यापीठात समुपदेशन केंद्र उभारलं, तेव्हा ही पद्धत तिथेही गेली.

माझी एक मैत्रीण अशाच एका विद्यापीठ केंद्रात इंटर्न होती. परवानगी घेऊन केलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग तिने गाइडसोबत ऐकलं. ती म्हणाली, "समोरची गप्प झाली की मला शांतता सहनच होत नव्हती. दोन सेकंदांत मीच सुरू." मानसशास्त्राच्या पुस्तकात हे तिने वाचलेलं होतं. कळलं मात्र कानाने.

आता कुणी म्हणेल, शिकागोत तज्ज्ञ असतील, आमच्याकडे कुठून आणायचे? त्याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. ‘संगथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्यावरच्या समुपदेशनासाठी तयार केलं. ते गटात बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकत, ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देत, चर्चा करत. सरावाने त्यांचं गुण देणं तज्ज्ञांच्या जवळ येत गेलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरचा अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

याच संस्थेचा ‘विश्राम’ हा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चालला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपल्या वऱ्हाडातही हे होऊ शकतं.

एक अडचण मात्र खास आपली आहे. दुसरबीडसारख्या गावात नाव खोडलं तरी आवाज ओळखू येतो. "हे तर अमक्याचं पोरगं" म्हणायला वेळ लागत नाही. म्हणून ऐकणारा गट दुसऱ्या जिल्ह्यातला हवा. बुलडाण्याचं रेकॉर्डिंग यवतमाळने ऐकावं, वाशिमचं अकोल्याने. अमरावती विद्यापीठाखाली हे पाचही जिल्हे येतात. रॉजर्सला तबकड्या बदलाव्या लागत होत्या. आपल्या खिशात फोन आहे. खर्च आहे तो वेळेचा. आठवड्यातला एक तास कामाचा म्हणून धरायचा, एवढाच.

नाहीतर काय होईल, ते सांगायला इंजिनियर लागत नाही. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागेल, तपासणीच्या वेळी रजिस्टर दाखवलं जाईल. आणि आत एखादं पोरगं मोठ्या हिमतीने बोलायला लागेल, तेव्हा समोरचा दोन सेकंदांत म्हणेल, "अरे, एवढं काय मनावर घ्यायचं?" ते पोरगं पुन्हा त्या खोलीत येणार नाही. आणि सल्ला देणाऱ्याला वाटेल, आज एक केस सुटली.